खारा वारा आणि खिडकीचे गज

मे महिन्यातल्या चेन्नईत दुपारपर्यंत जमिनीवरून येणारा वारा भट्टीच्या तोंडासारखा लागतो. मग कधीतरी झाडांची पाने एकदम उलट्या दिशेला वळतात आणि घामेजलेल्या पाठीला गारवा जाणवतो. समुद्रावरचे वारे सुटलेले असते. बेझंट नगरापासून तिरुवोट्टियूरपर्यंत किनाऱ्यालगत राहणारी माणसे या वाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात. खिडक्या सताड उघडल्या जातात आणि संध्याकाळी मरीनाच्या वाळूवर गर्दी लोटते. माणसांना जीवदान देणारा हाच वारा या शहरातल्या लोखंडाच्या मात्र मुळावर आलेला आहे.

किनाऱ्यापासून दोन-तीन गल्ल्या आत असलेल्या एखाद्या जुन्या इमारतीत सज्जाची लोखंडी जाळी जवळून पाहावी. वरच्या आडव्या पट्टीवरचा रंग अजून बरा दिसतो. त्याच पट्टीचा तळ हाताने चाचपला की बोटांना खरखर लागते. नखाने टोकरले तर खारी बिस्किटासारखे तपकिरी पापुद्रे सुटून हातावर येतात. गज जिथे चौकटीच्या भोकात बसवलेला असतो, तिथे तो झिजून निम्मा झालेला असतो. म्हणजे पावसात भिजणारी वरची बाजू शाबूत आणि पावसाचा थेंबही न लागणारी खालची बाजू खाल्लेली. पाण्याने लोखंड गंजते हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हे कोडेच वाटावे.

या कोड्याचे उत्तर मिठात आहे. लाट किनाऱ्यावर फुटते तेव्हा फेसातले असंख्य बुडबुडे फुटून पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात. तुषारातले पाणी उडून जाते, मिठाचा कण मात्र वाऱ्यावर स्वार होऊन गावात शिरतो. जड कण किनाऱ्याजवळच खाली बसतात. म्हणूनच समुद्रापासून काही शे मीटर आत गेले तरी मिठाचे प्रमाण झपाट्याने उतरते आणि एकाच शहरात दोन घरांच्या जाळ्यांचे आयुष्य वेगवेगळे निघते. जाळीच्या वरच्या बाजूवर बसलेले मीठ पहिल्या चांगल्या सरीबरोबर धुऊन जाते. खालच्या बाजूला पाऊस पोचत नाही, त्यामुळे तिथले मीठ महिनोन् महिने साठत राहते.

बरे, मीठ स्वतः लोखंडाला लगेच चावत नाही. आधी ते ओल धरून ठेवते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते घराघरात माहीत आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेलाही पाझरते. चेन्नईत हवा इतकी कोरडी क्वचितच होते. त्यामुळे हाताला कोरडा लागणारा गजसुद्धा डोळ्यांना न दिसणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली रात्रंदिवस भिजत असतो.

या थराखाली जे चालते ते विजेचे काम आहे. केंब्रिजमध्ये यूलिक इव्हान्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ते डोळ्यांना दिसेल असे करून दाखवले. त्याने घासून लख्ख केलेल्या पोलादी पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबात दोन रसायने होती. लोखंड जिथे विरघळेल तिथे एक निळा रंग देणार आणि प्राणवायू जिथे खर्च होईल तिथे दुसरे गुलाबी. थोड्या वेळाने थेंबाचा मधला भाग निळा झाला आणि कडेने गुलाबी कडे उमटले. दोघांच्या मधोमध हळूहळू गंजाचे तपकिरी वर्तुळ दिसू लागले.

म्हणजे एवढ्याशा थेंबाच्या पोटात चक्क एक विद्युतघट तयार झाला होता. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरत होते. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत कडेपर्यंत जात आणि तिथे हवेतून आलेला प्राणवायू ते घेऊन टाकी. मिठामुळे पाणी विजेचे चांगले वाहक बनते, म्हणून हा प्रवाह जोरात चालतो. घट पूर्ण व्हायला धातू, पाणी आणि प्राणवायू तिन्ही लागतात. यातले एक काढून घेतले की काम थांबते.

इव्हान्सच्या थेंबातली खरी खोच मात्र वेगळी आहे. लोखंड खाल्ले गेले ते प्राणवायू मुबलक असलेल्या कडेला नव्हे, तर तो कमी पोचत होता त्या मध्यभागी. सज्जातल्या गजाचे कोडे इथे पूर्ण सुटते. चौकटीच्या भोकात, वॉशरच्या खाली, एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत, रंगाच्या फुगलेल्या पोपड्याखाली खारी ओल अडकते, तिथे हवा कमी आणि धातूची हानी सर्वांत जास्त. गंज डोळ्यांना दिसतो एकीकडे आणि लोखंड पोखरले जाते दुसरीकडे. चेन्नईतल्या जाळीपासून समुद्रावरच्या पुलापर्यंत बऱ्याचशा मोठ्या नुकसानीचे मूळ शोधत गेले की शेवटी अशी एखादी नजरेआडची फटच सापडते.

मुळात लोखंडाला गंजायची एवढी घाई का? सिंधुदुर्गातल्या रेडीच्या खाणीजवळून गेलेल्या माणसाने उत्तर पाहिलेले आहे, ते म्हणजे तिथली लालभडक माती. निसर्गात लोखंड बहुतेक अशाच, प्राणवायूशी बांधलेल्या रूपात सापडते. झोतभट्टीत प्रचंड उष्णता आणि कोळसा खर्च करून माणूस ही गाठ तोडतो आणि शुद्ध धातू मोकळा करतो. मोकळे झालेले लोखंड पुन्हा प्राणवायूशी जोडले जायला टपलेलेच असते. सोने आणि प्लॅटिनम जमिनीत मूळ धातूच्याच रूपात मिळतात, कारण त्यांना असे बांधून घेण्याची ओढ नसते. लोखंडाचा गंज आणि रेडीची माती एकमेकांची जवळची भावंडे आहेत.

प्राणवायूशी जोडले जाण्याची ओढ ॲल्युमिनियमला तर लोखंडाहून जास्त आहे, तरी ते टिकते. त्याच्यावर बनणारा ऑक्साइडचा थर पातळ, घट्ट आणि चिकटून बसणारा असतो. तो कवचासारखा काम करतो. स्टेनलेस स्टीलमधले क्रोमियमही असेच कवच देते. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो, तो ओल शोषून घेतो आणि खालच्या धातूला वाचवत नाही. मिठातले क्लोराइड इथे आपला दुसरा डाव खेळते. ते चांगल्या कवचालाही सुईएवढी भोके पाडते आणि त्या भोकांत धातू खोलवर खात जाते. किनाऱ्याकडे तोंड करून लावलेल्या एसीच्या बाहेरच्या यंत्राचे ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे पांढरी भुकटी होऊन गळतात ते यामुळेच. ‘स्टेनलेस’ म्हणून हौसेने लावलेल्या कठड्यावर चहाच्या डागांसारखे ठिपके उमटतात तेही त्यामुळेच.

मराठी स्वयंपाकघराला ही सगळी विद्या शास्त्राचे नाव न घेता ठाऊक होती. लोखंडाला गंज चढतो, तांब्याला जंगाल येते आणि पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते. कळकणे या एका क्रियापदात आंबट पदार्थाने भांड्यातले तांबे विरघळवल्याची सगळी हकिगत आहे. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. भांडे भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो चकाकता रस आतून फिरवायचा. चेन्नईतही पितळी भांड्यांना आतून कथलाचा लेप देण्याची हीच रीत आहे. तमिळ घरांनी एक पाऊल पुढे जाऊन रसमसाठी निव्वळ कथलाचेच भांडे केले, त्याचे नाव ईयच्चोंबु. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून हे भांडे रिकामे विस्तवावर ठेवायचे नसते. आधी चिंचेचे पाणी आत, मग भांडे आचेवर. चिंचेचे आंबट पाणी पितळेला कळकवते, पण कथलाला फारसे काही करत नाही.

कथलाचा लेप हा पहारेकरी आहे. तो भिंतीसारखा उभा राहतो, पण एकदा भगदाड पडले की त्याचा उपयोग संपतो. लोखंडी पत्र्यावर कथील चढवले आणि ओरखडा गेला, तर उघडे पडलेले लोखंड उलट अधिक वेगाने गंजते. जस्ताची गोष्ट निराळी. जस्त लोखंडापेक्षा लवकर विरघळणारे आहे, म्हणून ओरखडा पडला तरी आधी तेच स्वतःला खर्ची घालते. बाजारात जीआय पत्रा म्हणून जो मिळतो, त्याचा सगळा भरवसा या गुणावर असतो. आणि म्हणूनच पत्रा घेताना त्याच्या जाडीइतकीच जस्ताच्या थराची जाडी विचारायला हवी. कोकणात किंवा कोरोमंडल किनाऱ्यावर घर बांधणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ती विचारतात.

एका धातूने दुसऱ्यासाठी झिजायचे, ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये जहाजांवर वापरून पाहिली. त्या काळी लाकडी युद्धनौकांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत आणि समुद्राचे पाणी ते पत्रे खाऊन टाकी. डेव्हीने तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले, पण नौकांच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचे थरच्या थर चिकटले. विरघळणारे तांबेच इतके दिवस त्या जिवांना मारत होते आणि आता ते विरघळायचे थांबले होते. नौका संथ झाल्या आणि नौदलाने तो उपाय गुंडाळून ठेवला. पोलादी जहाजांच्या काळात मात्र डेव्हीचीच कल्पना परत आली. दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत घेतलेल्या जहाजाच्या तळाशी जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ओबडधोबड विटा जोडलेल्या दिसतात. त्या अर्ध्या झिजलेल्या दिसल्या म्हणजे समजावे, काम चोख चालले आहे.

चेन्नईत धातूच्या आजाराचा सर्वांत जिव्हाळ्याचा दवाखाना एग्मोरला आहे. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या सरकारी संग्रहालयात चोळ काळातल्या कांस्यमूर्तींचे दालन आहे. तिरुवालंगाडूचा नटराज आणि तिरुवेंगाडूचा अर्धनारीश्वर तिथेच पाहायला मिळतात. यांतल्या अनेक मूर्ती संकटाच्या काळी जमिनीत पुरल्या गेल्या होत्या. पुढे कुणाच्या नांगराला, कुणाच्या पायाच्या खोदाईत त्या लागल्या आणि १८७८ च्या गुप्तधन कायद्याने संग्रहालयात आल्या. शतकानुशतके मातीत राहताना मातीतले क्लोराइड त्यांच्या अंगात मुरले. मातीत असेतोवर ते निमूट बसलेले असते. मूर्ती दमट हवेत आली की तिच्या अंगावर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उमटतात. इंग्रजीत याला कांस्याचा रोगच म्हणतात आणि तो शब्द योग्य आहे. तांब्याचे क्लोराइड ओल आणि प्राणवायूशी मिळून ती भुकटी बनवते आणि सोबत थोडे आम्ल सोडते. ते आम्ल खालचे ताजे तांबे खाते आणि पुन्हा तेच क्लोराइड तयार होते. या सगळ्या फेऱ्यात मीठ खर्ची पडत नाही. एकदा आत शिरलेले मीठ तेच ते काम वर्षानुवर्षे करत राहते.

म्हणून मूर्ती नुसती पुसून भागत नाही, मीठ बाहेर काढावे लागते. १९३० च्या दशकात एस. परमशिवन या पुरातत्त्वीय रसायनज्ञाने मद्रासच्या या संग्रहालयात विद्युत-अपघटनाने मूर्तींवर उपचार सुरू केले. भारतातल्या संग्रहालयांमधला धातुसंवर्धनाचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. मूर्ती अल्कलीच्या द्रावणात ठेवून तिच्यातून मंद वीजप्रवाह सोडायचा. गंजताना वीज ज्या दिशेने वाहते त्याच्या उलट दिशेने. क्लोराइड मूर्तीतून सुटून द्रावणात उतरते, द्रावण बदलायचे, पुन्हा प्रवाह सोडायचा. ज्या विजेने मूर्ती आजारी पडली तिलाच उलटे वाहायला लावून बरी करायची, ही कल्पना आजही थक्क करते. चिंच-लिंबू लावून देवघरातल्यासारखी लख्ख करण्याचा मोह मात्र अशा प्राचीन मूर्तीच्या जिवावर बेतू शकतो. आंबटाने रोग जात नाही आणि शतकांनी चढवलेला स्थिर थर निघून जातो.

मूर्तीवरचा रोग निदान डोळ्यांना दिसतो, इमारतींच्या पोटातल्या लोखंडाचे तसे नाही. ते दिसतच नाही. काँक्रीट हे सळईसाठी उत्तम पांघरूण आहे, कारण ताज्या काँक्रीटमधली ओल तीव्र अल्कधर्मी असते, तिचा सामू १२.५ च्या वर असतो आणि त्यात सळईवर संरक्षक थर धरतो. हा थर दोन गोष्टी मोडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपून अल्कधर्म कमी करतो आणि क्लोराइड थेट कवच फोडते. किनाऱ्यावर क्लोराइड बाहेरून येतेच, पण कित्येकदा ते बांधतानाच आत घातलेले असते. किनाऱ्यालगतच्या कूपनलिकांचे पाणी मचूळ असते आणि तेच पाणी मिश्रणात पडते. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून जास्त क्लोराइड नको, असे आयएस ४५६ हे भारतीय मानक बजावते. बांधकामावर पाणी तपासून घ्यायला फारसा खर्च येत नाही. ते न तपासल्याचा खर्च वीस वर्षांनी त्या घरात राहणारे कुटुंब भरते.

गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. काँक्रीटच्या पोटात ती जागा नसते, म्हणून ते आतून फाटते. आधी सळईच्या रेषेत सरळ तडा, मग तपकिरी ओघळ, मग एक दिवस छताचा ढलपा खाली. बहुतेक घरांत गवंडी बोलावून ढलपा पडलेली जागा नव्या मालाने भरून घेतात आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या शेजारीच नवा तडा जातो. गवंड्याला दोष दिला जातो, पण कारण इव्हान्सच्या थेंबातलेच आहे. नव्या मालातला सळईचा भाग सुरक्षित होतो आणि शेजारच्या जुन्या, खारट काँक्रीटमधला भाग घटाचे दुसरे टोक बनतो. तिथले खारट झालेले काँक्रीट पुरेसे लांबवर काढले आणि सळई पूर्ण साफ केली तरच दुरुस्ती टिकते.

हेच सगळे मोठ्या पटावर पाहायचे तर चेन्नईत मुख्यालय असलेल्या दक्षिण रेल्वेच्या पांबन पुलाकडे वळावे. रामेश्वर बेटाला जोडणारा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा हा पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. जहाजांना वाट देण्यासाठी मधला शेरझर पद्धतीचा गाळा दोन्ही बाजूंनी वर उचलला जाई. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने पुलाची दाणादाण उडवली. तेव्हा तरुण रेल्वे अभियंता असलेल्या ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत तो पुन्हा उभा केला, समुद्रात पडलेले गर्डर शोधून काढून. वादळानंतरही पुन्हा उभा राहिलेला पूल शेवटी मोडला तो खाऱ्या हवेने. रिव्हेट मारलेल्या, एकावर एक पत्रे चढवलेल्या सांध्यांच्या फटीत इव्हान्सचा थेंब शंभर वर्षे काम करत होता. रंगारी टोळ्यांनी कितीही हात मारले तरी ब्रश त्या फटीत जात नाही. डिसेंबर २०१८ मध्ये उचलत्या गाळ्याला तडा आढळून गाड्या थांबवाव्या लागल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्या कायमच्या बंद झाल्या. ६ एप्रिल २०२५ ला शेजारचा नवा पूल सुरू झाला. त्याचे सांधे वेल्डिंगने जोडलेले आहेत, काँक्रीटमध्ये स्टेनलेस सळया आहेत आणि वर पॉलिसिलॉक्सेनचा रंग आहे. पाणी अडकेल अशी फटच ठेवायची नाही, हा शहाणपणा जुन्या पुलाने किंमत मोजून दिलेला आहे.

त्याच किनाऱ्यावर मंडपम येथे कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेचे क्षरणाचा, म्हणजे धातू गंजून झिजण्याचा, अभ्यास करणारे केंद्र आहे. संस्था १९५३ मध्ये सुरू झाली. अशा केंद्रांत धातूच्या पट्ट्या तिरक्या मांडणीवर उघड्या हवेत बांधून ठेवतात, ठरावीक काळाने उतरवतात, गंज काढून पुन्हा तोलतात. वजनातली घट म्हणजे त्या जागेच्या हवेची भूक. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सर्वांत कडक हवेत साधे पोलाद पहिल्याच वर्षी २०० ते ७०० मायक्रॉन झिजते. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ७० ते १०० मायक्रॉन धरली, तर त्या एका वर्षात काही केसांइतका थर गेला. जगभरात क्षरणाचा खर्च वर्षाला अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ३.४ टक्के आहे, असा अंदाज २०१६ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने मांडला होता.

महाराष्ट्राला या आकड्यांपेक्षा मालवण जास्त जवळचे आहे. राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने त्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र त्याआधी काही दिवसच सार्वजनिक बांधकाम विभागाकडून गेले होते. पुढच्या चौकशीत गंजाबरोबर कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांचीही नोंद झाली. ज्या राजाने किनाऱ्यावर जलदुर्ग उभारले, त्याच्या पुतळ्याच्या सांध्यांना नऊ महिन्यांचा समुद्र सोसला नाही, याची बोच कुणाही मराठी माणसाला लागावी.

किनाऱ्याजवळच्या त्या सज्जात मात्र उपाय साधा आहे. जाळीचा तळ आणि सांधे पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याने, फडक्याने पुसून काढायचे. पावसाने जे वरच्या बाजूला फुकट केले, तेच हाताने खालच्या बाजूला करायचे. रंग फुगला असेल तर वरून नवा हात मारायचा नाही, पोपडा खरवडायचा, लोखंड उघडे करून धुवायचे, वाळवायचे आणि मग जस्तयुक्त अस्तर द्यायचे. दक्षिण चेन्नईच्या नळांना येणाऱ्या पाण्यातले काही पाणी नेम्मेलीच्या प्रकल्पातून येते, तिथे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून ते गोडे करतात. त्या पाण्याने भिजवलेले पांढरे फडके जाळीच्या तळावरून एकदा फिरवले की तपकिरी होते आणि जिभेला लावले तर खारट लागते.